केसांतली कळलावी

ऐका. झोप आली आसंल त्यांनी आत्ताच उठावं. मधनंच भ्याला तर परसाकडंला सोबत मी येणार न्हाई, सांगून ठिवतो.

फणसवाडीत धाकू सुतार ऱ्हायचा. त्याची बायको हौसा दोन दिस अडली व्हती. कळ यायची आन् मधीच इरून जायची. पोर काय सुटंना! गौरीचे दिस, वढा दुथडी भरलेला, डाक्तर पलीकडं. ठकूआजी सुईण घाम पुशीत बाहेर आली. म्हणली, "धाकू, आता कळलावी पायजे. खिंडीतनं आण. सकाळपातूर ही टिकत न्हाई."

कळलावी म्हाईत हाय का? कुठनं आसणार! तुमाला मोबाईल तेवढा म्हाईत. आरं, येल हाय ती. करवंदीच्या जाळीवर चढती. धराय हात न्हाईत, म्हणून पानाच्या शेंड्याचाच आकडा करती. फूल आधी हिरवं, मग पिवळं, मग लालभडक. आन् जमिनीत मुळी, नांगरागत वाकडी, दोन फाट्यांची. ती अडलेल्या बाईच्या केसांत बांधायची, की कळा येत्यात. पण पोटात गेली तर इख! निव्वळ इख.

आन् तिची रीत हाय. आदल्या सांजंला तांदूळ-सुपारी ठिवून आवतण द्यायचं, "माय, उद्या न्यायला येतो." धाकूला कुठला उद्या? कंदील उचलला, निघाला तसाच रातीचा.

खिंडीत येल घावली. लाकडाच्या खुट्यानं उकरली, मुळी कमरंला खवली, आन् वळला. तोच जाळीमागनं कुणी कण्हलं. "आई गं..." हौसाचा आवाज! "अवो, पोर झालं बगा. टाका ती मुळी. घरला या."

धाकूचा हात कमरंला गेला. गेला की! मग म्हणला, हौसा घरात, तर ही खिंडीत कशी? पळत सुटला. पळतोय, पळतोय, आन् पुढं तीच जाळी. पुन्हा पळाला. पुन्हा तीच! आता येलीनं सदरा धरला. सोडवला, तर धोतर धरलं. एक आकडा काढावा तर दोन बसावं. कंदील इझला. तिकडं हौसाचा जीव चाललाय, आन् हा हितं पानं सोडवतोय. रडाय आलं त्याला. मोठा बापय, पण रडला.

आन् म्होरं एक बाई उभी. केस पार टाचंपातूर. केसांत मुळी.

"आवतण न देता नेतोस? घरात बाई अडलीया, व्हय?"

धाकूनं हात जोडले. "बाई, न्हाई नेली तर मरंल ती."

"माझ्यासाठी नेली, म्हणूनच मी मेले की रं. मुळी बांधली, पोर झालं, आन् समदी पोराच्या नादात. पोर झाल्या झाल्या मुळी सोडाय लागती, ती कुणी सोडलीच न्हाई. ती वढतच ऱ्हायली. रगात थांबलंच न्हाई. पोरबी गेलं मागनं." मग त्याच्या पुढ्यात पाठ करून बसली. "माझी सोड. मग तुझी ने."

बसला बिचारा. गाठ सोडवली, की दुसरी पडायची. तीबी सोडवली, तिसरी! तिकडं कोंबडं आरवायची येळ व्हत आली. शेवटी धाकूनं दोरा दातात धरला आन् तटकन तोडला. मुळीचा रस जिभेला लागला. जीभ भाजली, सुजली. ती बाई एकदाच सुस्कारली, "सुटले गं माय," आन् न्हाई! वाट मोकळी.

दोन पावलं गेला, आन् मागं पोर रडाय लागलं. तान्हं. जाळीच्या बुडाशी, एकलंच. धाकू थांबला. आई सुटली, पोराला इसरून सुटली! आता त्येला कोण? एक पाय मागं गेला त्याचा, खरं सांगतो. पण घरात दुसरं पोर अडलं व्हतं. त्यानं कानांवर हात ठिवले आन् पळाला.

आजीनं मुळी बांधली. घटकाभरात पोरगी झाली. बाया लागल्या पोरीला पुसाय, न्हाऊ घालाय. धाकू दारातनं वरडाय गेला, "मुळी सोडा!" पण सुजलेल्या जिभेनं कसलं वरडतोय! बापयानं बाळंतिणीच्या खोलीत जाऊ ने. पण तो घुसला. बायांच्या शिव्या खात त्यानं सवताच्या हातानं मुळी सोडली. हौसा वाचली.

म्हणून सांगतो, खिंडीच्या वाटंनं जाऊ नका. त्या बाईचं भ्या न्हाई, ती गेली. पण रडणं हाय अजून. उचलाय वाकलेला माणूस माघारी आलेला कुणी बघितला न्हाई.

धाकू लई वर्सं जगला. पोरगी जरा कुरकुरली की हातातला रंधा टाकून धावायचा, काखंत घिऊन गावभर हिंडायचा. लोकं हसायची, बापय हाय का आई? हसू नका. त्येला दोन पोरांचं रडणं ऐकू यायचं, आन् उचलाय एकच व्हतं.