जळगावचं रक्त, धुळ्याचं रक्त

...नाही हो, चिडलेलो नाही मी. चिडू कसा? चिडलो तर लोक विचारणार का चिडलात, आणि तेवढंच सांगायची मला बंदी! तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही बाहेरचे. धरणगावचं कोणी बसलेलं नाही ना? ते मागचे टोपीवाले? पहूरचे? मग हरकत नाही. तर आमचे सासरे, आधार नाना, धरणगावजवळ कपाशीची शेती, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर रस्त्यावरची एस.टी. थांबते, मी स्वतः कंडक्टर आहे, थांबलेली पाहिलीय! हा माणूस आज खाटेवर बसून मला खणखणीत बोल लावतो. लावू दे. बोलणी खाणं आमच्या नोकरीतच धरलेलं असतं. पण बोल लावायला अंगात रक्त लागतं की नाही? आणि रक्त कोणाचं? माझं!

थांबा, आधी नानांचं पाणी समजून घ्या, मग रक्त समजेल. नाना लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. जुनी रीत आहे, लेक दिली त्या घरचं बापाने काही घ्यायचं नाही, बरं, मान्य. पण आम्ही राहतो जळगावात, वैशाखात, तुम्ही जळगावचा वैशाख पाहिलाय? डांबर चपलेला चिकटून घरी येतं! तेवढ्या उन्हात नाना यायचे, आमच्या ओट्यावर धापा टाकत बसायचे, मी तांब्या पुढे केला की हात जोडायचे, आणि उठून शेजारच्या इंदिराबाईंकडे जाऊन दोन तांबे पाणी प्यायचे. अहो, नळ एकच आहे दोन्ही घरांत! पण परत आले की मिशा पुसत म्हणायचे, "अक्कानं पानी गोड शे."

अठ्ठ्याऐंशी सालचा उन्हाळा. नानांच्या पोटातला अल्सर फुटला. मेहुण्याने, मोतीलालने, त्यांना जीपमध्ये घालून जळगावला आणलं, तोंड पांढरं, वेचायला आलेल्या कपाशीच्या बोंडासारखं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ताच, पण आधी रक्त हवं, आणि गट निघाला ओ निगेटिव्ह. रक्तपेढीतली कपाटं उघडून झाली. नाही. मागून ट्रॅक्टर भरून भाऊबंद आलेले, व्हरांड्यात ही गर्दी, प्रत्येकाच्या हातात केळी नाहीतर शहाळं. "नानासाठी जीव देऊ!" डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, जीव नको, बोट पुढे करा, टोचून गट बघायचाय. तुम्हाला सांगतो, शेवटच्या स्टॉपला गाडी इतक्या लवकर रिकामी होत नाही! कोणाचा उपास, कोणाचा बैल एकटा, एकाला तर चक्कर सुई न बघताच आली. राहिले ते तपासले, कोणाचंच जुळेना, मोतीलालचंसुद्धा नाही. शेवटी रक्त तपासणारी बाई म्हणाली, "ते खाकीतले कोण आहेत? त्यांचं बघा." बघितलं. जुळलं! अख्ख्या गोतावळ्यात रक्त कोणाचं? माझं!

मला वाटलं, आता नाना मला मिठी मारतील. निदान एक हात तरी. मोतीलालने आत जाऊन सांगितलं, तर त्या अवस्थेत, ओठ हलेनात अशा अवस्थेत, नानांनी हात पांघरुणात ओढून घेतला! "आंडेरना घरनं पानी मी पेत नही... आनि जवाईनं रंगत लेऊ? मरी जासू, पन लेवाव नही." डॉक्टर ओरडले, "अहो बाबा, हे पाणी नाही, रक्त आहे!" नाना म्हणाले, "मंग ते तं पानीथीन जाड शे." डॉक्टर माझ्याकडे बघतायत, जसा काही मीच मुलगी मागायला आलोय!

मी व्हरांड्यात आलो. म्हटलं, नको तर नको! फुकट देतोय आणि वर विनवण्या करू? मलाही मान आहे! असं बरंच म्हटलं मी, चांगल्या मोठ्या आवाजात, आणि मग सुनंदा दिसली. आमची बायको. भिंतीकडे तोंड करून उभी. सासूबाई, द्रौपदाबाई, शेवटच्या बाळंतपणात गेल्या तेव्हाही रक्तच हवं होतं, आणि रक्त आणायला गेलेली जीप परत आली तेव्हा ते उतरवून घ्यायची गरज उरली नव्हती. सुनंदा त्या वेळी शाळकरी, ओसरीत बसलेली. हे तिने मला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं.

...तर मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

तिने डोळे पुसले, तरातरा आत गेली, आणि या बाईने, जी भाजीवाल्याला चुकून जास्त आलेली मिरचीसुद्धा परत करते, तिने बापाच्या तोंडावर सांगितलं, "नाना, माणूस मिळाला. परका आहे. जळगावचाच, आपल्या ओळखीपाळखीचा नाही." नानांनी हात बाहेर काढला. आणि ती बाहेर आली, मी काही विचारणार तोच माझा दंड धरून म्हणाली, "अहो, माझ्या गळ्याची शपथ घ्या. नानांना कळलं तर अन्न सोडतील." घेतली शपथ! आडवा झालो, खाकीची बाही वर केली, मूठ उघड-मीट, उघड-मीट, वर एक कप चहा आणि दोन बिस्किटं, त्यातलं एक सादळलेलं!

नाना वाचले. बरं झालं. मनापासून सांगतो, बरं झालं. पण मग सुरू झालं! गावाकडे भेटायला जावं, तर दहा माणसांत नाना छातीवर हात मारून म्हणतायत, "कोना आयशी मानूसनं रंगत भरी दिधं रे मना आंगमा! दुपारले नींद येस. कधी च्या पेत नव्हतू, आते तीनदा च्या लागस. जळगावनं रंगतच आसं! कामधाम नही त्या लोकेसले." मी आळशी? कामधाम नाही? अहो, मी सकाळच्या गाडीला उभा राहतो तो संध्याकाळी बसतो, सीटवर बसतात ते प्रवासी! पण बोलायचं नाही. सुनंदा पदर तोंडाला लावून आत पळते. मोतीलाल खाली मान घालून शेंगा फोडतो. आणि नाना माझ्याकडे वळून काय विचारतात? "जवाईबुवा, तुम्ही बी तठेच व्हतात ना दवाखानामा? नुसता उभा व्हतात का? तुमले नही का देता येत रंगत?" मला! स्वतःच नको म्हटलेलं विसरून मला विचारतात! आणि रक्त कोणाचं?... जाऊ द्या.

चार-पाच महिने गेले असतील. नाना बैलगाडीवरून उतरताना पडले, मांडीचं हाड मोडलं. या खेपेला धुळ्याला नेलं, तिथे हाडांचे डॉक्टर चांगले. ते म्हणाले, रक्त लागेल, गट अवघड आहे. मी म्हटलं, साहेब, अवघड काही नाही, तो गट इथे तुमच्यासमोर उभा आहे, बोला कुठे झोपू? मागचं देऊन तीन महिने होऊन गेलेत ना, एवढं त्यांनी विचारून घेतलं, आणि तपासून हो म्हणाले. पण नाना! कण्हत कण्हत, दात-ओठ खात, पहिली अट काय? "ते मागला मानूसनं नको. ते जळगाववालानं लेत नही मी. त्यानापेक्षा हाड तसंच ऱ्हाऊ द्या!"

म्हणजे मी जावई म्हणूनही नको, आणि परका म्हणूनही नको! आता सांगा, तिसरा कोण होऊ?

सुनंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे. आता ती सरावली होती. म्हणाली, "नाना, हा धुळ्याचा आहे. पहिलवान गडी. तालमीतून सरळ आलाय." नानांचा चेहरा उजळला हो! मी आपला पोट आत घेऊन पलीकडच्या खोलीत गेलो. पुन्हा मूठ उघड-मीट. बिस्किटं मात्र धुळ्याची कुरकुरीत होती, ते कबूल केलं पाहिजे.

परवा डॉक्टरांनी नानांना काठी देऊन उभं केलं. मी आधाराला बगलेत हात घातलेला. नाना चार पावलं चालले, थांबले, स्वतःचा दंड दाबून बघितला, आणि खोलीतल्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याले म्हनतस रंगत! झोप नही, आयस नही. देखा जवाईबुवा, मानूस मानूसमा कितला फरक ऱ्हास!"

दारात सुनंदा उभी होती, जेवणाचा डबा घेऊन. बापाला चालताना बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं, नानांची बगल जरा घट्ट धरली आणि म्हटलं, "हो नाना. धुळ्याची गोष्टच वेगळी."

दुसरं काय म्हणणार?