थंकमणी टीचरांची रविवारची पत्रं

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय दामोदर कैमळसर, व्यासपीठावरील प्राध्यापिका एलिसबा तरकन, आपल्या वाचनालयाची सभासद मंडळी, आणि ज्यांना निरोप द्यायला जीभ जड होते आहे त्या आपल्या थंकमणी टीचर,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. साप्ताहिकात तीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसऱ्याचं कापायची सवय आहे, स्वतःचं कापायची नाही. सांभाळून घ्या.

टीचर परवा मुलीकडे, बंगळुरूला, कायमच्या निघताहेत. त्यांची पहिली कथा आमच्याकडे आली ती शाळेच्या वहीच्या पानांवर. मागच्या बाजूला तिसरीची गणितं! त्या काळचे आमचे लेखक असेच. कोणी शाळेत, कोणी टपालात, कोणी सहकारी बँकेत. चुलीवरचा भात शिजेपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं साहित्य. आजच्या लेखकांना महोत्सवांसाठी विमानाची तिकिटं येतात. येवोत बापडी! पण होडीतून उतरता उतरता कोणी विचारायचं, "टीचर, त्या पोरीचं पुढं काय झालं हो?" तो मान कुठल्या तिकिटात बसतो?

असो. एक कथा मात्र टीचरांना महागात पडली.

इथली कार्त्यायनी कायलाच्या खाडीत उतरून तिसऱ्या-शिंपल्या काढायची. नवरा पवित्रन आखातात गेला तो गेलाच. ना पत्र, ना निरोप. त्याची आई नाणियम्मा डोळ्यांनी अधू. कार्त्यायनी दर महिन्याला कोरा कागद हातात धरून सासूला मुलाचं पत्र 'वाचून' दाखवायची. हे तिनं विश्वासानं टीचरांना सांगितलं. टीचरांनी नाव बदलून कथा लिहिली. कथा गाजली. आणि कोणा शहाण्यानं ती नाणियम्मांनाच वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी कार्त्यायनी ओल्या कपड्यांनिशी शाळेच्या व्हरांड्यात उभी. हातात अंक.

"टीचर, नाव तेवढं बदललंत. माझ्या कुडाला पडलेलं भोक तसंच ठेवलंत. सगळ्या गावानं त्यातून आत बघितलं."

रविवारी टीचर माफी मागायला गेल्या. कार्त्यायनी चुलीपाशी पाठ करून बसली. बोलल्या त्या नाणियम्मा.

"लिहिणारी तूच ना गं?"

"हो, अम्मा."

"मग बस. पवित्रनचं पत्र लिही."

"अम्मा, आता तर तुम्हाला ठाऊक आहे..."

"ठाऊक आहे. म्हणून काय मुलाचं काही ऐकूच नये? हिच्या पत्रांत तो नुसता 'बरा आहे, बरा आहे' करायचा. तू लिहितेस तर भांडू दे जरा माझ्याशी!"

त्यानंतर अकरा वर्षं टीचरांनी छापायला एक ओळ दिली नाही. आमचे संपादक विनवून थकले. बाई संपल्या, असं लोक म्हणू लागले. आणि इकडे दर रविवारी नाणियम्मांच्या ओसरीवर पवित्रन आईशी भांडत होता, रुसत होता, कालवणात मीठ कमी म्हणून कुरकुरत होता.

सहा महिने कार्त्यायनीनं अबोला धरला. मग एका रविवारी तिनं उकडलेला कप्प्याचा कंद नि मासळीची ताटली टीचरांपुढे आदळली. "तो असं नव्हता बोलत. भांडण काढायच्या आधी दोनदा 'अम्मे, अम्मे' करायचा. लिहा तसं." तिथून पुढची पत्रं दोघींनी मिळून लिहिली.

नाणियम्मा गेल्या, तेव्हा पत्रांचं गाठोडं घेऊन कार्त्यायनी आमच्या कचेरीत आली. टीचर मागून, "नको गं, नको," करत.

"छापा," कार्त्यायनी म्हणाली. "पण माझं खरं नाव घालून. लेखिका म्हणून."

दोघींच्या नावाचं ते पुस्तक या वाचनालयात इतकं फिरलं, की आपण ते तीनदा बांधून घेतलं. त्यानंतर टीचरांनी नऊ पुस्तकं लिहिली. ज्याच्या घरातलं काही घेतलं, त्याला आधी वाचून दाखवलं, मगच पाकीट टपालात टाकलं.

मंडळी, बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायचं असतं. तेही म्हणतो. पण पहिल्या रांगेत बसलेल्या, मला थोरल्या बहिणीसारख्या कार्त्यायनीचेचींकडे माझं वेगळं मागणं आहे. ती कथा छापण्याआधी माझ्या टेबलावर आली होती. मी याच गावचा. तिसऱ्याच ओळीत तुम्हाला ओळखलं होतं. संपादकांना एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि कागद पुढे सरकवला. टीचरांनी अकरा वर्षं सोसलं. मी एक दिवसही नाही.

ऐकून घेतल्याबद्दल सर्वांचे आभार. चेची, जमलं तर मला क्षमा करा.