तीजेचा उपास अन् सोनोग्राफी

लोकाचं बोलणं चोरून ऐकणारी मी नव्हे. पण सोनोग्राफीच्या खोलीबाहेर हे नवराबायको माझ्या कानापाशीच बोलून राहिले होते.

"पाणी पी अवं. त्याच्याबिगर अंडाशयाची गाठ नीट दिसत नाही म्हणते."

"आज तीज आहे. तुमच्याच जिवासाठी निर्जळा उपास धरला."

"डॉक्टरीणबाईनं आजच बलावलं."

"गाठ साधी म्हणते, मंग घडीघडी पाहते कायले?"

"कॅन्सरची तं होऊन नाही राहिली, म्हणून नजर ठेवते."

"म्हणजे कॅन्सर आहे का नाही?"

"मलेही समजून नाही राहिलं. पी ना!"

"उपास मोडून तुमाले काही झालं तं?"

"अन् तुले झालं तं?"

"…मंग माझ्यासाठी तुमी धरा उपास."

"मी? बरं, धरतो."

"तोंडातला तंबाखूचा खर्रा थुकून या आंधी. मंगच बाटली उघडते."