कुझनेत्सोव्ह साहेबांचा पत्ता

—नाही अक्का, साहेबांचं पहिलं नाव ठाऊकच नाही. तेच तर. दूतावासानेही विचारलं: नाव, वडिलांचं नाव, जन्मसाल. मामंजींनी काय लिहावं? ‘साहेब’! हसू येतंय ना, हसा. विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात दोन वर्षं त्या रशियन माणसाशेजारी बसून डबा खाल्ला, पण नाव विचारलं नाही— मोठ्यांचं नाव घेतात का आपल्यात? माझंच बघा, ह्यांचं नाव मी एकदा घेतलं, उखाण्यात. ‘रणजीत’ म्हटलं तर बायका काय खिदळल्या! पुढे बावीस दिवस गरजच पडली नाही, तेविसाव्या दिवशी हे चहाच्या धंद्यासाठी मॉस्कोला. दुसऱ्यांदा घेतलं ते पोलीस ठाण्यात, हे बेपत्ता म्हणून लिहून देताना. तिथे कुणी खिदळलं नाही. मामंजींनीच सांगितलं होतं, आमचे कुझनेत्सोव्ह साहेब आहेत तिथे, कुणालाही विचार. कुणालाही! आपल्या यशवंतपूरच्या बाजारात, जिथे दर दुसरा माणूस गौडा, ‘गौडा कुठे राहतात’ विचारावं, तसं. आणि पहिल्याच पत्रात ह्यांनी लिहिलं— साहेब सापडले, त्यांच्याकडेच राहतो, तुमची आठवण काढतात. मामंजींनी ते गल्लीभर वाचून दाखवलं. मग पत्रंच बंद.

आता ते रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कात्री घेऊन बसतात. वाचनालयातली जुनी मासिकं, रद्दी, काही सोडत नाहीत; कुझनेत्सोव्ह दिसला की कापून ठेवतात. एक आरमाराचे सेनापती, त्यांच्या नावाची युद्धनौका आहे. एक हेर, जर्मनांच्यात शिरलेला. एक विमानांची इंजिनं करणारे— तिघंही निकोलाय! नाव कळून तरी काय होणार होतं? वर दोन वासिली, एक पुढारी, एक खेळाडू. तुम्हीच म्हणालात ना, आपल्याकडच्या लोहारासारखं आडनाव आहे म्हणून? सेनापती वारले, हेर वारला, पुढारी वारले. मामंजी पेन्सिलीने काट मारतात आणि हात जोडतात. इंजिनवाले आहेत अजून, समारा गावात. ‘सूनबाई, इंजिनवाल्याला इंजिनवाला माहीत असणारच!’ म्हणून ही चिठ्ठी. रशियनमध्ये तेवढी करून द्या. पोचेल का? नाही पोचली तरी— नाही पोचली तर बरंच.

असं काय बघता? स्वल्प, घोटभर पाणी द्या.

श्रावणात मला ह्यांचं पत्र आलं, माहेरच्या पत्त्यावर. साहेब कधी भेटलेच नाहीत, बाबांना बरं वाटावं म्हणून तसं लिहिलं. तिथे एक बाई आहे. आता शोधू नका. अक्षर किती सुरेख, अक्का, समासही सोडलाय! शिलाई मशीनच्या खणात ठेवलंय. मामंजींना कसं दाखवू? कात्री खाली ठेवली तर ते उद्या उठतील कशासाठी? आणि ते उठले नाहीत, तर त्या घरात मी कोण?

नको, काही बोलू नका. लिहा तुम्ही. खाली आमचा पत्ता ठळक घाला, मामंजी तपासतात. सरी, ठीक झालं, वाळू द्या शाई—

चपला वाजल्या. तेच. या ना मामंजी, झालंच. अक्का म्हणतात, ह्या वेळी उत्तर नक्की येईल.

म्हणालात ना, अक्का?