उचकी आणि धन्याचं नाव

चहा ठेव खाली सखू, आन् उचकी लागली तर आठवण काढणाऱ्याचं नाव घे. बरोबर नाव आलं की थांबती बघ.

इंग्रजाच्या राज्यातली गोष्ट. लगीन होऊन मी सोलापुरात नवीनच आलेली. एकदा सांजच्याला अशीच उचकी लागली. सासूबाईंनी साखर चारली, नाक दाबून सात घोट पाणी पाजलं. थांबंना. मग नावं सुरू. मंगळवेढ्याची आई घेतली, भाऊ घेतला, माढ्याची मावशीबी घेतली. उचकी हाय तशीच.

सासूबाई म्हणाल्या, "आता गिरणीत गेलेला तेवढा राह्यला. घे त्याचं नाव."

"अवं आत्याबाई, धन्याचं नाव कसं घेऊ?"

"मग बस उचकत!"

शेवटी तोंडावर पदर ओढला आन् म्हणले, "गणपत!"

"काय गं?"

गिरणी सुटून हे उंबऱ्यात उभे! मी अशी दचकले की उचकी जागच्या जागी थांबली. सासूबाई हसून हसून खालीच बसल्या.

हे जाऊनबी आता लई वर्सं झाली. उचकी लागली की मी सगळ्यांची नावं घेते, ह्यांचं तेवढं घेत न्हाय. काढू देत की जरा वेळ माझी आठवण.