तोंडावरचे दोन पंख

—नाही, हात आडवेच धरा पाळकसाहेब, खाली घेतलेत की बाहीचं माप चुकतं, आणि मग आशीर्वाद द्यायला हात वर केलेत की झगा थेट गुडघ्यापर्यंत येतो. आधीच्या पाळकांचा यायचा. तर काय म्हणत होते — हां, हसू. रविवारपासून मला हसू आवरतच नाहीये. कापड बेतताना हसते, भांडी घासताना हसते, काल एका गिऱ्हाइकाचं माप हसण्याच्या नादात तीनदा घेतलं, आणि तो बिचारा आलेला दुखवट्याचा काळा कोट शिवायला. वळा जरा. छातीचं घेते — हे काय कुरकुरलं खिशात? राहू द्या, काढू नका, मला माहितीये. दादाचं पत्र. दादा म्हणजे आपले गायनमास्तर, माझा सख्खा थोरला भाऊ — नाकावरून ओळखलं असेलच तुम्ही. काल माझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहिलं त्याने. बेकरीवालीने रविवारची उपासना नासवली, तिचं नाव गायनमंडळातून कमी करा, आणि तसं येत्या रविवारी मंडळीपुढे वाचून दाखवा. बरोबर ना? तर ते वाचू नका. तिची काही चूक नाही. चूक माझी, पंख मी शिवले.

आता बघा, दादा मला काय म्हणाला — संदेष्ट्याला स्वर्गाचं जे दर्शन झालं ते या वेळी उपासनेत उभं करायचं. उंच सिंहासन, भोवती सहा-सहा पंखांचे सराफीम देवदूत, बेकरीवाली धरून चार जणी गातील, तू पंख शिव. एवढंच. दुसरा कोणी शिंपी असता तर पाठीला सहा पंख टाचून मोकळा झाला असता. पण मी माप बघितल्याशिवाय कात्री लावत नाही, मी बायबल उघडून बसले. तिथे सगळं स्पष्ट आहे — दोन पंखांनी तोंड झाकलेलं, दोनांनी पाय झाकलेले, आणि उडायला उरलेले दोन. मग शिवलं तसंच! कडक राहावेत म्हणून आत बक्रम घातलं, वरचे दोन पंख तोंडासमोर आणले आणि पक्के टाके मारले. पक्के — कच्चे असते तर ऐनवेळी उसवता तरी आले असते. तालीम झाली बिनपंखांची, कारण पंख पुरे झाले रविवारी सकाळी. म्हणजे चौघी वर चौथऱ्यावर उभ्या, तोंडावर पांढरं कापड, आणि दादाचा हात एकीलाही दिसत नाही. आणि आपल्या गायनमंडळात दादाच्या बोटाशिवाय कोणी श्वाससुद्धा घेत नाही, ते तुम्ही पाहिलंयच.

तरी मी म्हणते, त्यात वाईट काय झालं? ठरलं होतं की 'पवित्र' तीनदा म्हणायचं, दादाचा हात खाली आला की थांबायचं. हात आला हो खाली, पण दिसणार कोणाला? चौघी पुन्हा सुरू. पुन्हा. आणि त्या सहा वडीलधाऱ्यांचे हाल — ते दादाने शेवटच्या पुस्तकातल्या दुसऱ्या दर्शनातून घेतले, तिथे चोवीस आहेत, आपल्याकडे गुडघे धड असलेले सहाच मिळाले — त्यांनी गाणं झालं की पालथं पडून मुकुट सिंहासनापुढे टाकायचे. पडले, टाकले. वर गाणं पुन्हा! आता काय करायचं? मुकुट गोळा करा, डोक्यावर घाला, पुन्हा पडा. ते निवृत्त पोस्टमास्तर चौथ्या वेळी पडले ते उठलेच नाहीत, तिथूनच हाताने मुकुट ढकलत राहिले. पुढच्या बाकावर आधी एक जण खुसखुसला, मग अख्खी रांग, मग हसता हसता लोक गायलाच लागले. सगळे. एरवी आपल्या मंडळीत गायनमंडळ गातं आणि लोक घड्याळ बघतात. तुम्हीसुद्धा गात होतात की, भिंतीला टेकून, डोळे मिटून, चष्मा हातात — वरून मला सगळं —

काय?

कुठे म्हणजे, मी मागच्या बाकावर... हो, मागून तुमची पाठ दिसणार, बरोबर आहे. हात खाली घ्या आता, झालं छातीचं. बसा हवं तर. नाही, उभेच राहा, लांबी राहिलीये.

बरं ऐका. बेकरीवाली रविवारी सकाळी इथे आली ती घसा बसलेला घेऊन. एक अक्षर फुटत नव्हतं. दादाला कळलं तर तो म्हणेल आइस्क्रीम खाल्लं असशील, म्हणून रडायला लागली. मी म्हटलं, तू घरी जा, पंख मी घालते. तोंड झाकलेलंच आहे, कोण ओळखतंय? मी नुसती उभी राहीन. नुसतं उभं राहायची मला सवय आहे हो. आठ वर्षांची होते, दादा सोळाचा, मुलांचं गायनमंडळ त्याच्याकडे नुकतंच आलेलं. नाताळचा सण होता. सगळ्यांसमोर त्याने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, तू सुरात नाहीस, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून मी उपासनेत ओठ हलवते. इतके छान हलवते की शेजारणीला वाटतं मी गातेय. बापाच्या दफनविधीला ओठ हलवले, माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा ओठच हलवले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. देवाला काय वाटत असेल, ही बाई दर रविवारी येते आणि माझ्यासमोर मुकी उभी राहते.

आणि पंखांसाठी शास्त्र वाचत होते ना, तर पुढे काय निघालं! तो संदेष्टासुद्धा म्हणतो की माझं काही खरं नाही, माझे ओठ या जागेला लायक नाहीत. मग एक सराफीम वेदीवरचा निखारा चिमट्यात धरून येतो आणि त्याच्या ओठांना लावतो. झालं, तो बोलायला मोकळा. त्याला कोणी सांगितलं नाही की तू नुसते ओठ हलव! मी हातातली सुई खाली ठेवली आणि तिथेच हसायला लागले. तेच हसू रविवारी बाहेर पडलं, ते अजून चाललंय.

तर मी उभी राहिले पंखांच्या आत, बाकीच्या तिघींनी सुरू केलं, आणि माझं तोंड उघडलं. आवाज आला हो. जाडाभरडा आहे, दादा खोटं बोलला नव्हता, पण आला. आणि एकदा आल्यावर — तिघी बिचाऱ्या तिसऱ्या 'पवित्र'ला अंदाजाने थांबल्या होत्या, बरं का. मीच पुन्हा सुरू केलं, त्यांना वाटलं अजून आहे. दादाचा हात इतक्या जोरात खाली आला की समोरचा कागद उडाला, तरी मी —

हो. दिसला.

आता असं बघू नका. मी शिंपीण आहे, माझ्या कपड्यात मला दिसणार नाही असं होईल का? निघायच्या आधी शिवणीत बोटभर जागा उसवून ठेवली होती. दुसऱ्या दर्शनातल्या त्या प्राण्यांना तर आतबाहेर डोळेच डोळे आहेत, मी एकच भोक ठेवलं. सगळं दिसत होतं. दादाचा हात दिसला, मग दोन्ही हात दिसले, मग त्याचं तोंड दिसलं. मी थांबले नाही. ऑर्गनवाला म्हणतो, एकवीस वेळा झालं. मला तर वाटलं, आत्ता कुठे सुरू होतंय.

आणि बेकरीवाली सगळा दोष अंगावर घेऊन गप्प बसलीये. म्हणते, तुझा आवाज ऐकायला मी नव्हते, निदान एवढं तरी करू दे. असं कसं करू देईन मी? पत्र द्या इकडे. नाही, तुम्ही नका मध्ये पडू, हे आमच्या घरचं आहे. मीच जाते त्याच्याकडे, आत्ताच, धीर आहे तोवर. तो चिडेल, खूप चिडेल. मग विचारेल, मी थांब म्हटलेलं दिसलं होतं तर थांबली का नाहीस? मी सांगेन, दादा, तू पहिल्यांदा थांब म्हणालास तेव्हा थांबले होते ना. सत्तेचाळीस वर्षं थांबले.

स्टुलावरून उतरा खाली पाळकसाहेब. लांबीचं उद्या घेऊ. मला दुकान बंद करायचंय.