गटातील एकच तोंड

मी विठ्ठल ग्यानोजी कावरखे, वय अठ्ठ्याहत्तर. शिक्षण चौथीपर्यंत, वाचन आजतागायत. म्हणूनच जवळच्या महाविद्यालयाने संवादकौशल्याचे गटप्रकल्प तपासण्यास मला बोलावले. विषय होता जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारातील घासाघीस. बंजारा तांड्यावरील चौघांच्या गटात एकटा सचिनच बोलत होता.

मी त्याला थांबवले. "उरलेल्या तिघांना शून्य."

"काहून, आजोबा?" गटातील पूजा राठोड उसळली. "तांड्यात प्रमुख म्हणून नायक बोलतो, पण ठरवतात सगळे!"

"असे? सचिन, बाहेर थांब. पूजा, पुढचे तू सांग."

सचिनचे अर्धे राहिलेले वाक्य तिने पूर्ण केले आणि तिघांनी मिळून प्रकल्प शेवटास नेला.

"आता बोलवा त्याला," पूजा म्हणाली. "आभाराचं भाषण तेवढं त्यालाच पाठ हाय."

चौघांना मी समान गुण दिले. तेव्हापासून त्या महाविद्यालयात गटातील कोणी बोलायचे, हे ऐनवेळी परीक्षक ठरवतात.